घार की गरुड?

पक्ष्यांची आवड आहे असं कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, "आपल्याकडे गरुड असतात का हो?" आणि दुसरा, "आमच्या गच्चीवर रोज एक मोठा पक्षी घिरट्या घालतो, तो गरुडच ना?" पहिल्याचं उत्तर ठामपणे 'हो' असं आहे. कोकणच्या किनाऱ्यापासून मेळघाटातल्या सागाच्या जंगलापर्यंत महाराष्ट्रात गरुडांच्या बऱ्याच जाती बारमाही राहतात, काही जाती फक्त हिवाळ्यात येतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा 'नाही' असंच द्यावं लागतं. शहरावर, मच्छी बाजारावर, कचरा डेपोवर घिरट्या घालणारा तो पक्षी घार असतो. या प्रकरणात आधी हा घोळ मिटवू आणि मग खऱ्या गरुडांकडे वळू.

१. आधी शेपटी बघा

घारीची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते. उडताना ती सारखी डावी-उजवीकडे पिळत असते आणि पंख मध्ये किंचित मुडपलेले दिसतात. गरुडाची शेपटी गोलसर, सरळ किंवा पाचरीच्या आकाराची असते, पण दुभंगलेली नसते. त्याचे पंख रुंद असतात आणि टोकाची मोठी पिसं एकमेकांपासून सुटी दिसतात. पक्षिनिरीक्षक त्यांना 'बोटं'च म्हणतात. गरुड पंख कमी हलवतो. उन्हाने तापलेल्या हवेचा वर चढणारा झोत सापडला की पंख न हलवता कितीतरी वेळ वर वर चढत जातो.

आकारावर मात्र विसंबू नका. आपल्या घारीच्या पंखांचा पसारा साधारण दीड मीटरपर्यंत असतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा बूटेड गरुड सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे घारीपेक्षा लहानच. दुसऱ्या टोकाला कोकणातल्या समुद्रगरुडाचा पसारा दोन मीटरपर्यंत जातो. "मोठा म्हणजे गरुड, लहान म्हणजे घार" हा हिशेब इथेच कोसळतो.

पांढरं डोकं, पांढरी छाती आणि बाकी सगळं अंग विटकरी, अशी एक देखणी घारही आपल्या खाड्यांवर दिसते. ती ब्राह्मणी घार. विष्णूचं वाहन म्हणून दक्षिणेत लोक तिलाच हात जोडतात.

२. आडनाव एक, घराणी वेगळी

मग गरुड म्हणायचं तरी कोणाला? पाटील आडनावाची सगळी माणसं जशी एका घराण्यातली नसतात, तसंच 'गरुड' म्हटल्या जाणाऱ्या पक्ष्यांचं आहे. जगात गरुडांच्या साठाहून अधिक जाती आहेत, पण त्या सगळ्या एकाच पूर्वजाच्या थेट वारस नाहीत. शिकारी पक्ष्यांच्या मोठ्या कुळात वेगवेगळ्या शाखांवर थोराड, रुंद पंखांचे, बळकट पंजांचे पक्षी तयार झाले आणि माणसाने त्या सगळ्यांना एकच नाव दिलं.

आपल्याकडे यातली तीन घराणी आहेत. पहिलं समुद्रगरुडांचं. त्यांचे जवळचे नातेवाईक कोण, तर घारी! म्हणजे कोकणातला समुद्रगरुड नात्याने महाबळेश्वरच्या काळ्या गरुडापेक्षा खाडीवरच्या ब्राह्मणी घारीला जवळचा आहे. दुसरं घराणं साप खाणाऱ्या गरुडांचं, आणि त्यांचं नातं गिधाडांशी आहे. तिसऱ्या घराण्याची खूण म्हणजे पायांवर थेट बोटांपर्यंत आलेली पिसं. सोनेरी गरुड, काळा गरुड, बोनेली गरुड, मोरघार हे सगळे त्यातले. मोरघारीच्या नावात घार आहे खरी, पण ती पक्की गरुड आहे. चौथं घराणं दक्षिण अमेरिकेतल्या हार्पी गरुडाचं. त्याच्याकडे पुढे येऊ.

गरुड ओळखायचा तर आधी घराणं ठरवावं आणि मग जात, असं मला वाटतं. अनेक जण पुस्तकातल्या चित्रांत रंग जुळवायला बसतात आणि तिथेच हरतात, कारण गरुडांची पिल्लं चार-पाच वर्षं वेगवेगळ्या रंगांची पिसं बदलत मोठी होतात. पायांचं तसं नाही. पायांवरची पिसं किंवा उघडे खवले वयाबरोबर बदलत नाहीत.

३. सर्पगरुड, वीस पावलांवरून

सह्याद्रीत फिरणाऱ्याला सगळ्यात जवळून दिसणारा गरुड म्हणजे तुरेवाला सर्पगरुड. तो ओढ्याकाठच्या झाडावर मध्यम उंचीच्या फांदीवर तासन् तास बसून राहतो आणि माणूस दिसला म्हणून लगेच उडून जात नाही. कोयनेच्या बाजूला एका पाऊलवाटेच्या वळणावर मला तो असा समोर, जवळपास डोळ्यांच्या पातळीवर बसलेला दिसला होता. मी जागीच थांबलो. मधलं अंतर वीस पावलांचं असेल.

एवढ्या जवळून पहिल्यांदा दिसतो तो त्याचा चेहरा. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंत पिसं नसलेली उघडी पिवळी त्वचा, आणि डोळाही तसाच जर्द पिवळा. डोळ्यावर हाडाची कड पुढे आलेली असते. तिच्यामुळे सगळेच गरुड रागावलेले दिसतात, पण ती कड उन्हाची तिरीप अडवते आणि झाडीत घुसताना डोळा ओरखड्यांपासून वाचवते. मध्येच त्याच्या डोळ्यावरून एक फिकट पडदा आडवा सरकला. ही पक्ष्यांची तिसरी पापणी. डोळा न मिटता ती बुबुळ पुसून घेते. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मानेमागची काळी-पांढरी पिसं उभी राहिली आणि डोकं एकदम मोठं दिसू लागलं. पोटावर तपकिरी रंगात पांढरे बारीक ठिपके होते.

मग मी पाय पाहिले. पिवळे, पिसं नसलेले, जाड खरखरीत खवल्यांचे. बोटं अंगाच्या मानाने आखूड. सापासारखं बारीक, गोल, निसटणारं भक्ष्य घट्ट आवळायला लांब बोटांपेक्षा आखूड आणि दणकट बोटं जास्त कामाची. आणि हे खवले म्हणजेच त्याचं चिलखत. सर्पगरुडाला विष बाधत नाही असा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. नागाचा दंश मांसात उतरला तर गरुडही मरू शकतो. त्याला तारतात ते पायांवरचे जाड खवले, दाट पिसं आणि सापाचं डोकं आधी चिरडण्याची चपळाई. शिवाय तो फक्त सापांवर जगत नाही. बेडूक, सरडे आणि ओढ्यातले खेकडेही आवडीने खातो, म्हणून तर त्याची बैठक पाण्याच्या जवळ असते.

उडताना तो ओळखायला फार सोपा. खालून पाहिलं की पंखांच्या कडेने एक रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवर तसाच दुसरा पट्टा दिसतो. त्याच्या लांबवर पोहोचणाऱ्या शिट्ट्या तर जंगलात तो दिसण्याआधीच ऐकू येतात.

४. माळावरचा भाऊबंद आणि जंगलातला काळा

सर्पगरुडाचा भाऊबंद असलेला सापमार गरुड जंगल टाळतो आणि उघडा माळ पसंत करतो. बारामतीजवळचं सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य, सोलापूरचं नान्नज हे त्याचे मुलूख. एवढा मोठा पक्षी वाऱ्याला तोंड करून हवेत एकाच जागी थांबतो, खाली गवतात नजर लावतो, थोडा खाली उतरतो, पुन्हा थांबतो. त्याचं डोकं मोठं आणि घुबडासारखं गोल, डोळे नारिंगी-पिवळे.

साप तो अख्खाच गिळतो. पिल्लासाठी आणायचा असेल तर शेपटीचा तुकडा चोचीबाहेर लोंबता ठेवून घरट्यावर येतो. पिल्लू ते टोक चोचीत धरून मागे खेचू लागतं, आई मान ताणून धरते आणि इंच-इंच करत साप एका पोटातून बाहेर येऊन दुसऱ्या पोटात जातो. या गरुडाची मादी एका हंगामात एकच अंडं घालते. म्हणजे एक घरटं मोडलं की त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जातं.

सरकारी कागदांवर या माळांची नोंद बहुधा 'पडीक' अशीच असते. मग कोणी तिथे झाडं लावतं, कोणी कारखाना, कोणी पवनचक्क्या. माळावर झाडं लावणं हे पुण्यकर्म समजलं जातं, पण सापमार गरुडाला, माळढोकाला, चिंकाऱ्याला हवा असतो उघडा गवताळ माळच. त्यांच्या दृष्टीने तिथली वृक्षलागवड म्हणजे घर हिरावून घेणं.

काळ्या गरुडाची रीत याच्या अगदी उलट. आंबोली, कोयना, महाबळेश्वरच्या दाट जंगलावरून तो झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ लागून, विलक्षण संथपणे तरंगत जातो. इतकं सावकाश उडणं भल्याभल्या पक्ष्यांना जमत नाही. तो शोधत असतो दुसऱ्या पक्ष्यांची घरटी. त्याची नखं इतर गरुडांइतकी वळलेली नसतात, आतल्या बाजूची लांब असतात, तर बाहेरचं बोट आखूड असतं. अंडी, पिल्लं, वेळ आली तर अख्खं घरटंच तो पंजात उचलून नेतो. घाटरस्त्याच्या कठड्याशी उभे असाल तर हा गरुड कधीकधी तुमच्या पायांखालच्या दरीतून जातो आणि त्याची पाठ वरून दिसते. अशा संधी फार थोड्या गरुडांच्या बाबतीत मिळतात.

५. किनाऱ्यावरचा धनी

पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पाहायचा तर मालवण, देवगड, दापोली, हरिहरेश्वर असा कुठलाही किनारा धरावा. डोकं, मान, पोट पांढरं शुभ्र, पंख राखाडी, शेपटी आखूड आणि पाचरीच्या आकाराची. तरंगताना दोन्ही पंख वर उचललेले असतात. मासे आणि समुद्रसाप तो पाण्याच्या पृष्ठभागावरूनच उचलतो, आत बुडी मारत नाही. त्याच्या बोटांच्या तळव्यांवर बारीक काटेरी उंचवटे असतात, त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही.

या गरुडाशी कोकणातल्या माणसाचं नातं रोजचं आहे, कारण तो वाडीतल्याच एखाद्या उंच आंब्यावर, वडावर किंवा किनाऱ्यावरच्या सुरूवर घरटं बांधतो. तेच घरटं दर वर्षी नव्या काटक्या घालून वापरतो, त्यामुळे ते वाढत वाढत प्रचंड होतं. पावसाळा संपला की जोडी घरट्याच्या डागडुजीला लागते आणि पिल्लं उडेपर्यंत उन्हाळा येतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकण किनाऱ्यावरच्या या घरट्यांची पाहणी केली आहे. या गरुडाचं भवितव्य त्या उंच, जुन्या झाडांवर अवलंबून आहे. सुरूचं रोप वाढवता येतं, पण घरट्याचं वजन पेलणारा शंभर वर्षांचा आंबा लावून मिळत नाही.

६. सगळ्यात मोठा गरुड कोणता?

हा प्रश्न मुलं विचारतात, आणि उत्तर मोजमापावर ठरतं. वजन मोजायचं तर रशियाच्या कामचात्का भागातला स्टेलर समुद्रगरुड पहिला येतो. त्याची मादी नऊ किलोपर्यंत भरते आणि पंखांचा पसारा अडीच मीटरपर्यंत जातो. हिवाळ्यात हे गरुड जपानच्या होक्काइडो बेटाजवळ समुद्रावरच्या बर्फात उतरतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हार्पी गरुड वजनात त्याच्या जवळपास पोहोचतो, पण त्याचे पंख आखूड असतात, पसारा साधारण दोन मीटर. कारण उघड आहे. दाट जंगलात फांद्यांमधून माकडांच्या आणि स्लॉथच्या मागे जायचं तर लांब पंख अडकतील. उलट समुद्रावर लांब पंखच कामाचे.

चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी मोजली तर फिलिपिन्सचा गरुड बाजी मारतो, जवळपास एक मीटर. १९९५ पासून तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे, आणि जंगलतोडीमुळे त्याच्या काही शे जोड्याच उरल्या आहेत.

आपले गरुड या रांगेत लहान वाटतील. समुद्रगरुडाची मोठी मादी चार किलोच्या आसपास, सर्पगरुड दोन किलोच्या आत. गरुडांमध्ये मादी नरापेक्षा मोठी असते, हेही ध्यानात ठेवा. घरट्याजवळ जोडी दिसली की थोराड ती मादी.

७. गरुड मूल उचलून नेतो का?

डिसेंबर २०१२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरातली एक चित्रफीत जगभर फिरली. बागेत बसलेल्या लहान मुलाला गरुड उचलतो आणि थोड्या उंचीवरून सोडून देतो, असं त्यात दिसत होतं. ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती संगणकावर तयार केली होती.

साधा हिशेब करू. सर्वसाधारणपणे गरुड आपल्या वजनाच्या निम्म्याइतकं ओझं घेऊन नीट उडू शकतो. चार किलोचा गरुड म्हणजे दोन किलो. वर्षाचं मूल आठ-नऊ किलोचं असतं. नऊ किलोचा जगातला सगळ्यात वजनदार गरुड आणला तरी हे गणित जुळत नाही.

मात्र उचलणं वेगळं आणि मारणं वेगळं. आफ्रिकेतला क्राउन्ड ईगल स्वतःपेक्षा जड माकडं आणि लहान हरणं जमिनीवरच मारतो आणि तुकडे करून नेतो. दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथे १९२४ मध्ये माणसाच्या पूर्वजांपैकी एका बालकाची कवटी सापडली. ती वीस लाखांहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. ली बर्गर आणि रॉन क्लार्क या संशोधकांनी १९९५ मध्ये असं मांडलं की या बालकाला मोठ्या गरुडाने मारलं असावं. पुढे २००६ मध्ये बर्गर यांनी दाखवून दिलं की त्या कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणा क्राउन्ड ईगलने खाल्लेल्या माकडांच्या कवट्यांवरच्या खुणांशी जुळतात. आपल्याकडच्या गरुडांपासून माणसाच्या मुलांना असा कोणताही धोका नाही.

८. सत्तर वर्षांची ती गोष्ट

व्हॉट्सॲपवर आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नवी चोच आली की जुनी नखं आणि पिसं उपटून टाकतो, आणि पुढची तीस वर्षं नव्याने जगतो. ही गोष्ट पूर्णपणे खोटी आहे. चोच आणि नखं ज्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाची आपली नखंही असतात. ती आयुष्यभर वाढतात आणि वापराने झिजतात. पिसंही दर वर्षी थोडी थोडी झडून नवी येतात, त्यामुळे गरुड कधीच न उडणारा होत नाही. चोच मोडलेला गरुड भक्ष्य फाडू शकत नाही, म्हणजे तो उपाशी मरतो. आणि वय? रानात वीस-तीस वर्षं म्हणजे गरुडासाठी दीर्घायुष्य. पायात कडं घातलेला अमेरिकेतला एक टकला गरुड ३८ वर्षं जगला आणि २०१५ मध्ये वाहनाच्या धडकेने मेला. रानातल्या त्याच्या जातीचा हा उच्चांक. शिक्षकांना माझी विनंती आहे की ही गोष्ट मुलांना सांगू नका. खरा गरुड त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

त्याच्या नजरेचंच घ्या. 'माणसाच्या आठपट' असं ऐकू येतं. मोजून पाहिलेला आकडा दोन ते अडीचपटीच्या आसपास येतो. एसटीची पाटी तुम्हाला ३० मीटरवरून वाचता येत असेल, तर तितकीच बारीक खूण गरुडाला ६० ते ७५ मीटरवरून कळेल. त्याचा डोळा माणसाच्या डोळ्याएवढा असतो, पण प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीचे दोन बिंदू असतात, आपल्या डोळ्यात एकच. एकाने तो बाजूचं लांबवरचं पाहतो, दुसऱ्याने समोरचं.

९. अन्नातून येणारं विष

अमेरिकेत टकल्या गरुडांवर डीडीटीने घाला घातला. हे कीटकनाशक माशांतून गरुडाच्या अंगात जायचं, अंड्यांचं कवच पातळ व्हायचं आणि उबवतानाच अंडी फुटायची. १९६३ मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवरच्या राज्यांत घरटी करणाऱ्या फक्त ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, आणि २००७ मध्ये हा गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला.

भारतात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने गिधाडं जवळजवळ संपवली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हे औषध फक्त गिधाडांना मारतं असं आधी वाटत होतं. पण हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे स्टेपी गरुडही मेलेल्या गुरांवर उतरतात, आणि राजस्थानात मेलेल्या अशा गरुडांच्या अंगात हेच औषध सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. गुराला कुठलं इंजेक्शन दिलं जातं हे विचारणं शेतकऱ्याच्या हातात आहे, आणि ते त्याने विचारावं.

१०. जवळ जायचं ते किती?

८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण घेतली तर ८० मीटरवरचा गरुड १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. त्यामुळे पाय पुढे टाकायची गरजच उरत नाही. गरुड तुमच्याकडे रोखून पाहू लागला, तुरा उभारला, पुढे झुकला किंवा एकदम विष्ठा टाकली, तर तो उडण्याच्या बेतात आहे असं समजा आणि दोन पावलं मागे या. घरट्यापाशी ही काळजी दसपट घ्या. आई उठून गेली की अंडी उन्हात तापतात आणि कावळे टपलेलेच असतात. घरट्याचा फोटो जागेच्या नावासह समाजमाध्यमांवर टाकला की आठवडाभरात तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते, म्हणून जागा गुप्त ठेवा.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेले पक्षी खाली पडतात, त्यांत घारी असतात तसे गरुडही असू शकतात. असा पक्षी सापडला तर चोचीपेक्षा पंजांना जपा. खरं हत्यार तेच आहे आणि आवळलेला पंजा सहज सुटत नाही. जाड चादर किंवा टॉवेल अंगावर टाकून डोकं झाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, खायला देऊ नका, घरी पाळायचा विचार तर अजिबात करू नका, तो गुन्हा आहे. महाराष्ट्र वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइनचा क्रमांक १९२६ आहे. तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.